माझ्या नावाची मूठ

"हे मूल नाही, अम्मा."

म्हैसूरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई कानडीत एवढंच म्हणाल्या. माझ्या पोटावरचा हात त्यांनी काढला नाही. त्या मद्रासकडच्या, वयानं माझ्याएवढ्याच. मला वाटलं, माझं कानडी कच्चं, काहीतरी चुकीचं ऐकलं असेल. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. तेव्हा समजलं की बरोबरच ऐकलंय.

माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. डोहाळजेवण होऊन गेलं होतं. आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून यांनी कुंची शिवून ठेवली होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दिवस गेले, म्हणून सगळी गल्ली माझं कौतुक करत होती. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते ठाऊक नाही, पण डॉक्टरीणबाईंचा हात मी झटकून टाकला.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "याला ओव्हेरियन सिस्ट म्हणतात." बाईच्या ओटीपोटात दोन बाजूंना दोन बीजकोश असतात, त्यांना ओव्हरी म्हणतात. त्यातल्या एकावर पाण्याची पिशवी धरते आणि फुगत जाते. कधी पाळीही चुकते, पोट दिसायला लागतं आणि बाई आशेवर राहते. आत मूल फिरतं असं मला वाटायचं, तो आतड्यांतला वारा होता. कुणा बाईचं पोट वाढतंय पण दाईला ठोका लागत नाही, असं असेल तर तिनं लाजत बसू नये, सरळ इस्पितळ गाठावं. मी दाईच्या भरवशावर राहिले.

उपाय एकच, ऑपरेशन. क्लोरोफॉर्म देतात, म्हणजे नाकाशी औषध धरून झोपवतात, आणि पोट उघडून पिशवी काढतात. नाही काढली तर ती छातीपर्यंत चढेल, श्वास कोंडेल, नाहीतर आतच फुटेल. "दसऱ्याच्या आत या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

औषधं, महिनाभराची खाट, जेवण, हा सगळा खर्च घरच्यांचा. आमच्या घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, शिलाईचं मशीन. हे म्हणाले, "देऊन टाकू." मी म्हटलं, "आणि मला वाचवून मग जेवायला काय घालणार, सुया?" मी कोल्हापूरकडची, तोंडानं फटकळ. ऑपरेशन करायचं नाही, विषय संपला, असं सांगून मोकळी झाले. शेजारच्या तुळसक्कांनी सारू-भाताचं ताट पाठवलं, तेही मी आल्या पावली परत केलं. मला कुणाची कीव नको होती. मरणाची भीती मात्र पोटाबरोबर रोज वाढत होती.

आडवं झालं की धाप लागायची, म्हणून मी भिंतीला टेकून बसायची. अधूनमधून इस्पितळात दाखवायला जायचं, व्हरांड्यातल्या बाकावर वाट बघायची. नर्स पोटाला फीत लावी, लघवी तपासायला नेई. पाणी कुठवर चढलंय ते डॉक्टरीणबाई बोटांनी टिचक्या मारून बघत. बाकावर पोटुशा बायका असत. त्यांच्याकडे बघवायचं नाही. मी चामुंडीच्या डोंगराकडे तोंड करून बसे.

गल्लीत वेगळंच चाललं होतं. मी दारात आले की बायका बोलायच्या थांबत. आधी वाटलं, दया येत असेल. मग एका दुपारी मी परसात बसले होते आणि आत तुळसक्का सासूबाईंशी बोलत होत्या. तुळसक्का जुन्या बारगिरांच्या घरातल्या, सासूबाई तर म्हैसुरातच जन्मलेल्या. दोघींच्या मराठीत निम्मं कानडी.

सासूबाई म्हणाल्या, "तिच्या नावानं सगळ्या घरांतनं मूठ पडते की नाही?"

"पडते की, अक्का. जटकेवाल्या मदारसाबच्या घरातनं पण रोज पडते. अजून आठ दिवस टाकली की साकु, तेवढं पुरे, काम होतं."

"तू सुम्ने राहा, गप. गोदीला कळू द्यायचं नाही."

गोदी म्हणजे मी. आमच्या कोल्हापुरात नावानं मूठ टाकणं म्हणजे एकच. मांत्रिक मुठीत उडीद घेतो, माणसाचं नाव घेऊन टाकतो, आणि ते माणूस रक्त ओकून मरतं. मला वाटलं, झालं, ही रिकाम्या पोटाची सून यांना नकोशी झाली. आणि अख्खी गल्ली सामील. एवढं मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

तशीच मागच्या दारानं निघाले. जीव वाचवायचा तर ओळखीचं एकच ठिकाण होतं, इस्पितळ. वाटेत मदारसाबनं घोडा आवरून जटका थांबवला. "अक्का, बसा, मी सोडतो." मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. याच्या घरची मूठ माझ्यावर पडतेय आणि हा मला गाडीत बसवतोय. धापा टाकत, भिंती धरत मी पोचले.

"मला इथंच ठेवून घ्या," मी डॉक्टरीणबाईंना मोडक्या कानडीत म्हणाले. "पोट फाडा, काय वाट्टेल ते करा. घरी पाठवू नका. ते माझ्या नावानं मुष्टी टाकतात."

"हो, टाकतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

मी दाराकडे वळले. आता कुठं जायचं?

त्यांनी मला दंडाला धरलं आणि इस्पितळाच्या कोठीत नेलं. भिंतीशी तांदळाची पोती आणि मडकी होती. "हे तुमचं ऑपरेशन, अम्मा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई एकट्या त्यांच्याकडे येऊन बसल्या होत्या. पैसे नाहीत, तांदूळ चालतील का, असं विचारलं होतं. डॉक्टरीणबाई चालतील म्हणाल्या होत्या. तेव्हापासून आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई भाताला तांदूळ घेताना आधी एक मूठ माझ्या नावानं वेगळ्या मडक्यात टाकत होती. इकडे कानडीत मुष्टी म्हणजे देवाधर्माला काढून ठेवलेले मूठभर तांदूळ. सासूबाईंनी त्याचीच मराठी केली होती. काही तांदूळ इस्पितळाच्या स्वयंपाकाला लागत, बाकीचे दुकानात देऊन औषधं आणायची. आणि मी ताट परत पाठवणारी बाई, म्हणून मला सांगायचं नव्हतं.

मी मडक्यात हात घातला. लाल जाड तांदूळ होता, बारीक पांढरा होता, मधेच नाचणीही होती. कण्याही होत्या. कण्या खाणारं आमच्या गल्लीत एकच घर होतं, कोपऱ्यावरच्या विधवा चेन्नम्माचं. तिच्या स्वतःच्या पोटाला पुरत नव्हतं. तिथं मात्र मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंनी मूल नाही म्हटल्यापासूनचं सगळं रडू तिथं आलं. संध्याकाळी सासूबाई मला शोधत धावत आल्या, तेव्हा मी त्यांच्या कुशीत शिरले. "खुळी गं खुळी," म्हणत त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. क्लोरोफॉर्मचा वास गोडसर असतो, घाबरू नका. जाग आल्यावर तहान फार लागते आणि पाणी देत नाहीत, ओठांना ओला कापूस लावतात. तो काळ कठीण. पुढं मोकळा श्वास घेता आला, तो मी कितीतरी वेळ नुसता घेत राहिले. घरी गेल्यावर यांनी व्रण पाहिला आणि कारागिरासारखं निरखून म्हणाले, "धावदोरा नाही, एकेक टाका सुटा घातलाय. हात चांगला आहे बाईंचा." मग तोंड फिरवून डोळे पुसले. मूल पुढंही झालं नाही. आम्ही दोघांनी ते सोसलं.

इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर पिरियापट्टणची चिक्कतायी होती. तंबाखूच्या शेतात राबणारी, नवरा सोडून गेलेला. तिच्याही पोटात तशीच पिशवी. ती माझ्याशी फार बोलायची नाही. माझ्याकडे माणसं आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. तसं कशासाठी पडतात ते मला चांगलं ठाऊक होतं. मी निघाले त्या दिवशी डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "हिच्या खर्चाचं कसं करायचं, मला सुचत नाही."

घरी आल्यावर चालायची परवानगी मिळाली, तशी मी आधी तुळसक्कांच्या दारात गेले. जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, उंबऱ्यातच घुटमळले. शेवटी म्हटलं, "मूठ बंद करू नका. पिरियापट्टणची एक चिक्कतायी आहे, तिच्या नावानं टाका."

तुळसक्कांनी विचारलं, "तुझी कोण लागते ती?"

"शेजारीण," मी म्हणाले.

त्या आत गेल्या आणि मडकं ओढल्याचा आवाज आला.