अक्कांचं वर्षासन आणि गिरिजम्मांचं घर

शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरहून गिरिजम्मांचा फोन आला. "अम्मा, अक्का ताटावर बसता बसता पडल्या. लवकर या." मी ऑटोने पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इरा, निहार, हे तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. पुढचं सगळं फोनवर तुकड्यातुकड्यांनी झालं, म्हणून आता सलग लिहिते आहे.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही. एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये पस्तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडेच, गच्चीवरच्या खोलीत राहिल्या. गिरिजम्मा त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये इडल्या करायच्या. दर शनिवारी अक्का त्यांच्याकडे जेवायला जात. निवृत्तीच्या वेळी हातात आलेली सगळी रक्कम अक्कांनी विमा कंपनीला देऊन ॲन्युइटी घेतली. आपल्याकडे याला पूर्वी वर्षासन म्हणत. कंपनी एकदाच मोठी रक्कम घेते आणि तुम्ही जिवंत असेपर्यंत दरमहा ठरावीक पैसे देते. त्यात दोन तऱ्हा होत्या. एकीत महिन्याला जास्त मिळतं, पण माणूस गेला की सगळं संपलं. दुसरीत महिन्याला कमी, पण मूळ रक्कम वारसाला परत. एकदा निवडलेली तऱ्हा बदलता येत नाही.

"अगं अक्का, पहिली घे," आजोबा म्हणाले. "नवरा नाही, मूल नाही, मागे ठेवायचं कुणासाठी?"

"तू आहेस की आशेवर."

"म्हणजे माझ्या नावावर ठेवतेस?"

"तुझ्या नावावर ठेवलं तर मोटार घेशील. मुलांच्या नावावर ठेवते."

अशा रीतीने तुम्ही दोघं वारस झालात. आजोबा त्यांच्या आधीच गेले, ती मोटारही राहिली…

साधारण दीड वर्षापूर्वी अक्का चिकट झाल्या असं मला वाटू लागलं. ऑटो सोडून त्या बसने जाऊ लागल्या, दुसरं वर्तमानपत्र बंद केलं, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली. मी एकदा बोलले, "अक्का, पैसा काय बरोबर नेणार आहात?" त्या म्हणाल्या, "नेता येत नाही, म्हणूनच बघतेय, नलिनी." मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या गेल्यावर पाच आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. निहारने टोरांटोमध्ये घरासाठी जी पहिली रक्कम भरायची होती, ती यातून येणार असं धरलं होतं. पत्र पाहून त्याने फोन केला. "आजी, जवळजवळ निम्मे कमी आहेत. त्या गिरिजम्मांनी तर काही…?" तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

कंपनीच्या कचेरीतल्या बाईंनी खुलासा केला. अक्कांनी वर्षासनावर कर्ज काढलं होतं. असं कर्ज दुसऱ्याच तऱ्हेवर मिळतं, कारण तिथे शेवटी परत द्यायची एक रक्कम कंपनीकडे असते. व्याज दरमहाच्या पैशांतून कापतात. फेडलं नाही, तर माणूस गेल्यावर कर्ज मूळ रकमेतून वजा करतात आणि उरलेलं वारसाला देतात. म्हणजे अक्का चिकट झाल्या नव्हत्या. त्यांच्या हातातच कमी पैसे पडत होते.

कर्जाचे पैसे कुठे गेले, ते त्यांच्या कपाटातल्या करारावरून कळलं. बेंगळुरूत घर 'लीज'वर घेतात ते तुम्हाला माहीत नसेल. मालकाला एकदाच भली मोठी रक्कम द्यायची, तीन वर्षं भाडं द्यायचं नाही आणि घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. गिरिजम्मांना भाडं झेपेना, तेव्हा अक्कांनी स्वतःच्या नावावर हे लीज केलं. पैसे बुडालेले नव्हते, मालकाकडे होते. आणि अक्कांच्या मृत्युपत्राप्रमाणे तेही तुमचेच. दोन महिन्यांची नोटीस दिली, की घर रिकामं होऊन पैसे हातात येतील. नाहीतर अजून दीड वर्ष थांबायचं.

हे मी तुम्हाला फोनवर कळवलं, माझं मत घातलं नाही. इराने लगेच थांबू म्हणून सांगितलं. निहारचा फोन चौथ्या दिवशी आला. "आजी, आम्ही इथे भाड्यानेच राहतोय. अजून दीड वर्ष राहू. त्यांना सांग."

मी सांगायला गेले, तर गिरिजम्मांनी सामान बांधून ठेवलेलं. भांडी चादरीत, कपडे दोन पिशव्यांत. "मालक म्हणाले, कागद अक्कांच्या नावाचा आहे, मुलं पैसे मागणारच. तुम्ही तोंडाने सांगायच्या आत आवरलं." मुलांचा निरोप मी दोनदा सांगितला, तेव्हा त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि गाठोड्यावरच बसल्या. मग खिडकीखाली बोट दाखवलं. लाल फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने चौकाबाऱ्याचा, म्हणजे कवड्यांच्या खेळाचा, पट रंगवलेला होता, पाच बाय पाच घरांचा. "खडूचा पुसतो म्हणून अक्कांनी रंगवला. मालक याचे पैसे कापणार म्हणतात. मी घासून बघितलं, स्वल्पसुद्धा निघत नाही."

"घासू नका. कापू देत."

"तुम्हाला येतो खेळायला?"

"नाही."

"अक्कांनाही येत नव्हता. दर शनिवारी हरायच्या आणि मलाच नियम शिकवायच्या." त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली. भांड्यांच्या तळाशी कवड्यांची डबी होती, ती काढायला सगळी भांडी बाहेर काढावी लागली. ती सगळी फळीवर लावून झाली, मग आम्ही पटाच्या दोन बाजूंना बसलो.