पडदेकाकूंचं चुकलेलं माप

पडदेकाकू त्या गोदामात पहिल्यांदा गेल्या त्या माप घ्यायला. फोनवर एका बाईंनी सांगितलं होतं, "बारा मीटरचं लाल कापड आहे, मधोमध दुमडून छताला टांगायचंय. कडा तेवढ्या नीट करून द्या." काकूंनी गळ्यात टेप अडकवला, कानावर पेन्सिल खोचली आणि निघाल्या. पत्ता टायरच्या जुन्या गोदामाचा निघाला. आत अजून रबराचा वास होता. एका भिंतीला आरसे, जमिनीपासून छतापर्यंत स्टीलचे दोन चकचकीत खांब, खाली हातभर जाडीच्या गाद्या. काकूंनी चारही भिंती दोनदा बघितल्या.

"खिडकी कुठाय?"

"खिडकी नाही," बाई म्हणाल्या.

"मग पडदा कशाला?"

"चढायला."

काकू सत्तावीस वर्षं पडदे शिवत होत्या. पडद्यामागे लपणारी पोरं त्यांना ठाऊक होती, पडद्याला हात पुसणारे तर घरोघर होते. पण पडद्यावर चढणारं म्हणजे फक्त मांजर. त्या काही बोलणार एवढ्यात बाईंनी छताला आधीच टांगलेलं एक निळं कापड मुठीत धरलं, पायाला एक वेढा दिला आणि तीन हिसक्यांत त्या छताशी पोचल्या.

"अहो, फाटेल!" काकू ओरडल्या आणि वरून पडणारी बरणी झेलावी तसे दोन्ही हात पसरून खाली उभ्या राहिल्या.

फाटलं नाही. बाई वरून हसत होत्या. त्या खाली आल्यावर काकूंनी आधी कापड तपासलं. आडवं ताणलं, उभं ताणलं, बोटांत चुरगाळून सोडलं. आडवं थोडं ताणलं जात होतं, उभं तसूभरही नाही. आजवर काकूंनी कापडाला फक्त ऊन आणि शेजाऱ्यांची नजर अडवायला लावलं होतं. एका अख्ख्या बाईला ते सहज उचलून धरतं, ही गोष्ट त्यांच्या मनातून रात्रीपर्यंत गेली नाही. सोमवारी कडा शिवून दिल्या आणि मंगळवारी सकाळी सातला नवऱ्याचा जुना टीशर्ट घालून काकू शिकायला हजर. वय एक्कावन्न. वजन सांगायची त्यांना गरज वाटत नसे.

घरी बातमी फुटली तेव्हा काका जेवत होते. काका बसमध्ये कंडक्टर.

"खांबाला लटकायला शिकायचं?" काकांनी घास खाली ठेवला. "आमच्या गाडीत रोज साठ माणसं खांबाला लटकतात. एकालाही कुणी टाळी वाजवत नाही."

"ती उलटी लटकत नाहीत."

"सकाळी नऊच्या गाडीला ये, दाखवतो."

"मी कापडाला लटकते. खांब पुढच्या महिन्यात."

"अगं, पण माझा जीव टांगणीला लागेल ना!"

"अहो, टांगणीला मी, आणि जीव तुमचा कसा लागतो?"

काकांनी भात मागितला.

गोदामात दोन पार्ट्या होत्या. खांबवाल्या आणि कापडवाल्या. भांडण असं नव्हतं, पण गोडीही नव्हती, आणि त्याला कारण होतं. स्टीलचा खांब पकडतो तो उघड्या कातडीला. म्हणून खांबवाल्या आखूड चड्ड्या घालत, आदल्या दिवसापासून अंगाला क्रीम लावत नसत आणि खांब स्पिरिटने पुसून पुसून लख्ख ठेवत. कापडाचं नेमकं उलटं. ते उघड्या कातडीवरून सरकलं की भाजतं, गुडघ्यामागे लाल पट्टा उठतो. म्हणून कापडवाल्या घोट्यापर्यंत झाकलेल्या असत आणि पकड सुटू नये म्हणून हाताला राळ चोळत. त्या राळेचा चिकट हात चुकून खांबाला लागला की खांबवाल्या अशा किंचाळत, जणू कुणी त्यांच्या पोळपाटावर चपलेचा पाय ठेवलाय.

मॅडमनी, म्हणजे त्या फोनवाल्या बाईंनी, ठरवलं होतं की यंदाच्या कार्यक्रमात दोन्ही एकत्र करायचं. कापडावरून वर जायचं, छताशी पोचल्यावर शेजारच्या खांबावर यायचं, तिथे उलटं होऊन नुसत्या गुडघ्यांनी खांब धरायचा, दोन्ही हात सोडायचे, मग पुन्हा सुलटं होऊन कापडावरून खाली. एकच बाई, एका दमात. असं आपल्याकडे कुणी केलेलं नाही, असं मॅडम म्हणत. कुठे कुठे चौकशी केली होती ते मात्र सांगत नसत.

काकूंना ती बाई व्हायचं होतं. आठ महिन्यांत त्या दोन्ही शिकल्या होत्या. हळू, पण पक्कं. शिवणयंत्र चालवून पाय तयार होते आणि कात्रीने मनगटं. बाकीच्या दोन्हीपैकी एकच काहीतरी करत. दोन्ही येणारी दुसरी म्हणजे बँकेतली कॅशिअर. वय सव्वीस, अंगाने सुतळी.

निवडीच्या दिवशी काकू कापडावर छान चढल्या. वर पोचल्या, एक हात खांबाकडे नेला. खालून मॅडम ओरडल्या, "उलट!"

आता, उलट हा शब्द काकूंनी आयुष्यात एकाच अर्थाने वापरला होता. कापडाला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते, आणि शिवताना कुणी "उलट!" असं ओरडलं तर समजायचं की आपण चुकीची बाजू वर घेतलीय. काकूंचा खांबाकडचा हात मागे आला. छताशी लटकल्या लटकल्या त्यांनी पायातला वेढा सोडवला, कापडाचा पदर नाकाशी धरला आणि दोन्हीकडून निरखला.

"नाही हो मॅडम," त्या वरून म्हणाल्या, "सुलटच आहे. या कापडाला तशाही दोन्ही बाजू सारख्याच."

खाली असा हशा पिकला की एका खांबवालीला गादीवर बसावं लागलं. तोवर काकूंचे हात भरून आले आणि त्या खांबाला न शिवताच खाली आल्या. कॅशिअरला उलट म्हणजे उलटं हे बरोबर कळलं. तिची निवड झाली.

"काकू, मनाला लावून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कार्यक्रमाचे पोशाख बघा ना. तुमच्यासारखं दुसरं कुणाला जमणार?"

काकू हो म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी कुणाच्या तरी हॉलचा बिचारा पडदा दोनदा शिवला आणि दोनदा उसवला. त्यांनी आजवर लोकांच्या लग्नाचे, बारशांचे, घरभरणीचे पडदे लावले होते, स्टुलावर चढून, आणि पाहुणे यायच्या आत मागच्या दाराने बाहेर पडल्या होत्या. कार्यक्रमाच्या कागदावरही आता त्यांचं नाव शेवटच्या ओळीत, पोशाख या शब्दापुढे येणार होतं.

पण कॅशिअरचं गाडं अडलं. लांब विजार घातली की ती खांबावरून सर्रकन खाली येई, साबणाच्या वडीसारखी. आखूड चड्डी घातली की कापड भाजे. चार दिवसांत तिच्या गुडघ्यामागे असे पट्टे उठले की बँकेत तिला उभं राहूनच काम करावं लागलं. मधे कपडे बदलायला वेळ नव्हता, आणि जागा तर जमिनीपासून पाच मीटर वर. कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता.

"दोन्हीला चालेल असं काहीतरी शिवा," मॅडम काकूंना म्हणाल्या.

"बटणांनी उघडतं-मिटतं असं?"

"बटण नको, कापडात अडकेल."

"हूक?"

"फाटेल."

"चेन?"

"काकू, वर असताना चेन कुठल्या हाताने ओढणार?"

काकूंनी तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा पडदा घडी करताना तो हातून सुटला आणि टोक झर्रकन जमिनीकडे गेलं. पडदा सरळ पडावा म्हणून काकू त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या मण्यांची दोरी घालत. पन्नास वेळा पडदा असा पडलेला त्यांनी पाहिला होता. या वेळी त्या पडद्याकडे बघत उभ्याच राहिल्या, आणि मग समोर गिऱ्हाईक उभं असताना कमरेत वाकून, डोकं खाली घालून स्वतःच्या पायांमधून मागे बघू लागल्या.

"बरं वाटत नाही का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"उत्तम वाटतंय," काकू खालूनच म्हणाल्या.

हिशोब सरळ होता. बाई कापडावर असते तेव्हा तिचे पाय खाली असतात. खांबावर गुडघे लागतात तेव्हा ती उलटी असते. म्हणजे पायघोळ, सैल पायजमा शिवायचा, पायांच्या दुमडीत मण्यांची दोरी घालायची, आत घट्ट आखूड चड्डी. बाई सुलटी असली की पायजमा घोट्यापर्यंत, कातडी झाकलेली. बाई उलटी झाली की वजनाने पायजम्याचे दोन्ही पाय सर्रकन मांड्यांपर्यंत खाली, गुडघे उघडे. बटण नाही, हूक नाही. उघडझाप पृथ्वीच करणार.

काकूंनी त्या दिवशी दुपारी कापड बेतलं आणि संध्याकाळी शिवून टाकलं. मोरपंखी रंग, चालताना लाटेसारखा हलणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅशिअरने पायजमा घातला. घातला म्हणण्यापेक्षा ती त्यात उभी राहिली. कमरेशी तिच्यासारखी आणखी एक मावली असती. तिने नाडी आवळली तर पुढे चुन्यांचा गठ्ठा झाला आणि पायजमा तरीही खाली निघाला.

"काकू, हे माझ्या मापाचं नाहीये."

"असं कसं?" काकू छताकडे बघत म्हणाल्या. "धुतल्यावर बसेल."

"कॉटन नाही ते," मॅडम म्हणाल्या. त्या काकूंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "काकू, मागे तुम्ही इथल्या बारा जणींची मापं घेतलीत. एकीचंही वीतभर सोडा, बोटभर चुकलं नाही."

"नाही."

"सत्तावीस वर्षांत कधी चुकलं?"

"कधीच नाही."

"मग आत्ताच कसं चुकलं?"

काकूंनी गळ्यातला टेप काढला, बोटांना गुंडाळला, पुन्हा सोडला. खांबवाल्या खांब पुसायच्या थांबल्या. कापडवाल्यांनी राळेचा डबा खाली ठेवला.

"आत्ताही चुकलेलं नाही," काकू म्हणाल्या.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळ्यांच्या नजरा पायजम्याच्या कमरेवर गेल्या आणि तिथून काकूंच्या कमरेवर.

"काकू!" कॅशिअर म्हणाली. "तुम्ही मुद्दाम?"

"मी बेतायला बसले तुझ्याच मापाने, शपथ. कात्री कुठे वळली ते कापून झाल्यावर कळलं." काकूंचा चेहरा लाल झाला होता. "दोन टाके घालून पाव तासात तुझ्या मापाचा करून देते. पण एकदा मला घालू दे. एकदाच. तुम्हा सगळ्यांच्या समोर. मग म्हणशील तसं."

कॅशिअर तशी मनाने वाईट नव्हती. शिवाय तिचे गुडघे अजून ठणकत होते. तिने पायजमा काढून काकूंच्या हातात दिला. "पण उलट म्हटल्यावर कापड बघत बसू नका."

काकू कापडावर चढल्या. वर पोचल्या. मॅडमनी तोंड उघडलं, आणि शहाणपणाने "उलट" न म्हणता ओरडल्या, "डोकं खाली!"

काकूंनी खांब धरला, पोट आवळलं, पाय वर टाकले. पायजमा सर्रकन खाली आला, मणी स्टीलवर टण् करून वाजले, आणि काकूंच्या एक्कावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी खांब असा धरला की आता तो काकूंना सोडणार की काकू त्याला, हे सांगता येईना. त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा. हात खाली, वेणी खाली, आणि उलटं हसू, जे खालून रडल्यासारखं दिसत होतं.

पहिल्यांदा बोलली ती कॅशिअर. "राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "माझ्या मापाचा नका करू."

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला झाला. ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या. काका ड्युटी बदलून पहिल्या रांगेत येऊन बसले आणि काकू वर असेपर्यंत शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा दंड धरून बसले. मणी टण् करून वाजले तेव्हा लोकांना वाटलं तो संगीताचाच भाग आहे, आणि त्या ठेक्यावर त्यांनी टाळ्या धरल्या. काकूंनी हात सोडले, पुन्हा धरले, सुलट्या झाल्या. पायजमा घोट्यापर्यंत गेला, आणि त्या लाल कापडावरून हळूहळू, अजिबात घाई न करता खाली आल्या. गृहस्थांचा दंड सुटला. त्यांनी तो बराच वेळ चोळला.

नंतर गर्दीतून वाट काढत एक बाई थेट काकूंपाशी आल्या, वाकल्या आणि पायजम्याची दुमड बोटांत धरून म्हणाल्या, "काय शिवलाय हो! कोण शिवतं? मला पत्ता द्या ना."

काकूंचा हात सवयीने पिशवीतल्या कार्डाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"आहे एक बाई," त्या म्हणाल्या. "तिचा पत्ता उद्या देते. आधी मला सांगा, मी लटकले कशी?"