मैनेची जांभई

आमच्या घोडीने चार वर्षांत एकदाही जांभई दिली नव्हती. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, कारण घोडीच्या जांभया मोजत बसायला मी काही रिकामटेकडा नव्हतो. (आता आहे. ते पुढे येईलच.)

मैना ही माझ्या सासऱ्यांची घोडी. आप्पा हरिहरेश्वरला किनाऱ्यावर पर्यटकांच्या पोरांना तिच्यावरून फिरवून आणायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी लेकीला जवळ बोलावलं, मैनेचा लगाम तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "शोभा, हिला कुणाच्या हाती देऊ नको." शोभा म्हणजे माझी बायको. या 'कुणाच्या'मध्ये जावई धरायचा की नाही, हे विचारायचं राहून गेलं. मी धरला नाही.

मी सव्वीस वर्षं कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होतो. माझ्या शिफ्टला एकही माणूस उशिरा यायची हिंमत करत नसे, कारण गेटवर मी स्वतः उभा असे. शेवटी कंपनीने मला मुदतीच्या चार वर्षं आधी सन्मानाने घरी पाठवलं. (सत्काराचा नारळ घरी येऊन फोडला, तो नासका निघाला!) मग आम्ही गावी आलो. बोर्ली पंचतनहून रिक्षाने पंधरा मिनिटं, परसात उभं राहिलं की समुद्र. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या आणि मैनेची शिफ्ट लावली. सकाळी सात ते दहा, संध्याकाळी चार ते सात. सुरूच्या झाडांपासून निघायचं, खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या बांबूला वळसा घालायचा आणि परत यायचं. वळायचं ते डावीकडूनच. का, ते मला ठाऊक नाही, पण नियम म्हणजे नियम!

गेल्या हिवाळ्यात मैना चावायला लागली. पाठीवर खोगीर टाकलं की कान मागे, मान ताठ, आणि पोटाखालचा पट्टा आवळायला वाकलो की माझा खांदा तिच्या तोंडात. तिसरा शर्ट फाटला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं, "माज आलाय तुझ्या घोडीला!"

"माज न्हाय तो. दुखतंय तिला," शोभा म्हणाली.

"कुठं दुखतंय? जखम हाय का? सूज हाय का?"

"दिसत न्हाय म्हणून दुखत न्हाय असं असतं का?"

हे ती आमटी ढवळत, माझ्याकडे न बघता बोलली. मला वाटलं, घोडीबद्दल बोलतेय.

मी त्याच संध्याकाळी पनवेलकडच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. हा लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवतो. बँड, फटाके, नाचणारी दोनशे माणसं! म्हणाला, रविवारी टेम्पो घेऊन येतो. मी ते शोभाला सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. चार वर्षांत ती एकदाही भांडली नव्हती आणि त्यावरून आपला संसार सुरळीत चाललाय असा मी निष्कर्ष काढला होता. तिने डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि हनीफभाईंना फोन केला.

हनीफभाई आगरदांड्याचे, आप्पांचे जुने दोस्त. वीस वर्षं गल्फमध्ये कुणा शेखच्या तबेल्यात कामाला होते. गुरुवारी सकाळच्या फेरीबोटीने दिघीला उतरले, तिथून रिक्षाने आले. माझी कल्पना होती की पिशवीतून इंजेक्शन निघेल, निदान एखादी बाटली तरी! पिशवीतून निघाले ते खजूर, शोभासाठी. मग त्यांनी हात धुतले, मैनेजवळ गेले, तिच्या कानामागे तळहात ठेवला आणि नुसते उभे राहिले.

पाच मिनिटं मी कळ काढली.

"हनीफभाई, सुरू कधी करताय?"

"सुरू झालं, दत्ताभाऊ."

"दाबत तर न्हाय तुम्ही!"

"दाबायचं न्हाय. हाताखाली ओला पापड हाय असं समजा, आणि तो फाटू द्यायचा न्हाय. हात मानेवरून हळूहळू खाली न्यायचा. डोळा मिटला, पापणी हलली, तर तिथंच थांबायचं. तिथं काहीतरी धरून ठेवलंय तिने. आपण थांबलो की ती सोडते."

"आणि न्हाय सोडलं तर?"

"सब्र करायचा."

हा शब्द आमच्या कंपनीत कुणी उच्चारला असता तर मी त्याचा पगार कापला असता.

हात खांद्यापर्यंत आला आणि मैनेचं कातडं थरथरलं. हनीफभाईंनी खाली वाकून कोपऱ्यात पडलेला पट्टा उचलला, उजेडात धरला. "वहिनी, ही शेवटची दोन भोकं कोणी पाडली?"

शोभाने माझ्याकडे पाहिलं.

"मी पाडली," मी म्हणालो. "खिळा तापवून. एकदा एक पाहुणा घसरला होता. तेव्हापासून पोटाला गुडघा लावून मी करकचून आवळतो. सेफ्टी!"

"तौबा!" हनीफभाई एवढंच म्हणाले. मग बोटांनी तिच्या बरगड्या चाचपत म्हणाले, "आणि ही एकाच बाजूला वळते काय? डावं अंग आखडलंय पार. दत्ताभाऊ, जरा चहाचं बघता का?"

मी आत जाऊन चहा टाकला. (माझ्याच घरात, मला!) कप घेऊन बाहेर आलो तर शोभा डोळे पुसत हसत होती.

"अहो, मैनेने जांभई दिली! केवढी मोठी! मग ओठ चाटले, मान खाली टाकली..."

"मी नसताना दिली कशी?" मी विचारलं. सव्वीस वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली. मैनेने मला पाहिलं, मान वर केली आणि तोंड बंद केलं.

हनीफभाई जाताना सांगून गेले. सकाळ-संध्याकाळ हात ठेवायचा, महिनाभर खोगीर टाकायचं नाही, मग पट्टा पहिल्या भोकात आणि वळण उजवीकडून. "महिन्याभरात पोरं फिरवेल. विकायची घाई करू नका," असंही म्हणाले. पण रविवार ठरलेला होता आणि मी शब्दाचा पक्का! शोभाला मी सवलत दिली. "शनिवारी संध्याकाळपर्यंत घोडी चावायची थांबली तर राहील. न्हायतर टेम्पो."

शोभा शुक्रवारी दिवसभर तबेल्यात उभी होती. ती सांगेल त्यावरून मी हिशेब लावत होतो. तासाला दोन जांभया, एकदा ओठ चाटणं. हे काय उत्पादन झालं? शनिवारी ती बाजारहाटाला बोर्लीला गेली आणि मी ठरवलं, बाईला मदत करायची. (खरंच सांगतो, हेतू मदतीचाच होता. माझ्या आयुष्यातली सगळी वाईट कामं मी मदत म्हणूनच केली आहेत.)

हनीफभाईंचं काम मी पंधरा मिनिटं बघितलं होतं. अनुभवी माणसाला तेवढं पुरे. त्यांचं चुकत होतं ते एवढंच की तेल नव्हतं! आमच्याकडे केस गळो, कंबर धरो, बाळाला सर्दी होवो, खोबरेल हे लागतंच. मी दोन बाटल्या तेल पातेल्यात ओतलं, ओवा आणि लसूण घालून कोमट केलं आणि मैनेला मानेपासून शेपटीपर्यंत माखलं. हाताने जोर पुरेना म्हणून शोभाचं लाटणं आणलं. कानामागून सुरुवात केली आणि पाठीवर, बरगड्यांवर एकाच दमात लाटत गेलो. मैना हलली नाही, चावलीही नाही. लाकडाची असल्यासारखी उभी राहिली. मी खूश! म्हटलं, बघा, अर्ध्या तासात माज उतरवला.

तेवढ्यात आमच्याकडे उतरलेले डोंबिवलीचे सर सहकुटुंब परसात आले. सर वजनदार, अंगानेही. त्यांना समुद्राच्या पार्श्वभूमीवर घोड्यावरचा फोटो हवा होता.

"चालेल ना?" सरांनी विचारलं. "वहिनी नको म्हणत होत्या."

"वहिनींना काय कळतंय! आत्ताच मसाज झालाय, एकदम ताजी हाय!"

हनीफभाईंचं मी काहीच ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये. महिनाभर खोगीर नको, एवढं सोडून मी बाकी सगळं पाळलं. पट्टा त्यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या भोकात, म्हणजे ढिला ठेवला. आणि बांबूला वळसा त्यांनी सांगितल्याप्रमाणे उजवीकडून घातला.

मैना उजवीकडे वळली. सर तिच्यापेक्षा जास्त वळले. तेलावरून खोगीर आरामात, घाई न करता खाली चाललं होतं आणि सर ताठ बसल्या अवस्थेत आडवे होत होते. "अहो! अहो! हे असंच असतं का?" एवढं त्यांना विचारता आलं. मग त्यांनी माझी कॉलर धरली. खाडीच्या तोंडाशी गुडघाभर चिखल असतो. त्यात आधी मी, माझ्यावर सर, सरांवर पट्टा तुटून आलेलं खोगीर, अशी रचना झाली! सरांच्या सौ. मोबाईलवर सगळं टिपत होत्या. "हसा ना जरा," असंही म्हणाल्या, सवयीने.

मैना दहा पावलं पुढे गेली. पळाली नाही. अंग झाडलं, मान खाली टाकली, ओठ चाटले आणि मग डोळे मिटून, दात दाखवून, एकामागून एक अशा तीन जांभया दिल्या. चार वर्षांत मी प्रथमच पाहिल्या, सरांच्या काखेतून.

बोर्लीहून आलेली रिक्षा नेमकी तेव्हाच सुरूच्या झाडांशी थांबली. शोभा पिशव्या तिथंच टाकून वाळूतून धावत आली. माझ्या बाजूने पुढे गेली. मैनेच्या मानेला तिने हात लावला, नाकाशी नेला.

"लसूण?" ती म्हणाली.

माझ्या तोंडात चिखल होता.

रविवारी व्यापारी टेम्पो घेऊन आला. शोभा तबेल्याच्या दारात उभी राहिली. "मैना आप्पांनी मला दिलीय. ती कुठं जाणार न्हाय," ती त्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही आजपासून तबेल्यात यायचं न्हाय. तुमची पावलं ऐकली की ती श्वास रोखून धरते."

मग म्हणाली, "ती एकटीच न्हाय."

व्यापाऱ्याने आपल्या चपला बघितल्या आणि प्यायला पाणी मागितलं. मी आणून दिलं. मला वाईट वाटलं. रागही आला, पण तो कुणावर काढावा ते सुचेना, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मैना महिन्याभरात सुधारली. शोभा नवीन पट्टा पहिल्या भोकात लावते, पोरांना फिरवते, एकदा डावीकडून वळते, एकदा उजवीकडून. मैना चावत नाही कुणालाच. एका दुपारी शोभा आत आडवी झाली होती तेव्हा मी चप्पल काढून तबेल्यात गेलो. हात धुतले होते. मैनेच्या कानामागे तळहात ठेवला, ओल्या पापडासारखा. दाबला नाही. शंभरपर्यंत मोजलं, मग पुन्हा शंभर. "चुकलं बाई माझं," असंही म्हणून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून. तिच्या बरगड्या हलत नव्हत्या. सब्र केला. मग माझ्याच्याने बघवेना. हात काढला, बाहेर आलो, कडी लावली. आणि आतून जांभई ऐकू आली.

घरात शिरलो तर शोभा उठून फोनवर बहिणीशी खळखळून हसत होती. मला पाहिलं आणि हसू थांबलं. पदर सावरला, पाठ ताठ झाली. "चहा टाकू?"

तिची पापणी हलली. हनीफभाई म्हणाले होते, तिथंच थांबायचं. मी थांबलो. मग म्हणालो, "नको. जरा बोर्लीला जाऊन येतो." फाटकाबाहेर जाऊन दगडी गडग्याला टेकलो. खिडकीतून आधी एक लांबलचक जांभई आली आणि मग पुन्हा हसणं सुरू झालं.

हनीफभाईंना हे फोनवर सांगितलं. म्हणाले, "दत्ताभाऊ, आता तुम्हाला जमलं!"

तेव्हापासून मी दिवसातून दोनदा बोर्लीच्या बाजारात जातो. तिथं माझं काही काम नसतं. पण घरात दोघींची तब्येत उत्तम आहे!