मोसंबी, चंद्र आणि मामा

आमच्या हिच्या मामांची एका उत्तरावर बोळवण करू शकेल असा माणूस अवघ्या मराठवाड्यात नसेल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मामा पुंडलिकनगरात राहायला आले आणि त्यांचे प्रश्न मोकाट सुटले. पंगतीत जिलबी पुढं आली, तरी हे वाढप्याला विचारणार, "पाक आत शिरतो कुठून?" आणि समाधान होईपर्यंत अख्खी रांग खोळंबणार. मामी म्हणायच्या, "ह्यांना बोहल्यावरसुद्धा अंतरपाट कुणी विणला, त्याचीच पडली होती."

चंद्राच्या कलांनी मात्र त्यांना पुरतं पछाडलं. गुलमंडीत त्यांच्या शाळासोबत्याचं कापडाचं दुकान. दुपारचा चहा रोज तिथंच. एकदा मामांनी विचारलं, चंद्र लहानमोठा का होतो? मित्र म्हणाला, "जमीन का साया पडता उसपे." मामा उसळले, "अर्धा चंद्र नि सूर्य एकदमच आभाळात दिसत्यात की! मग सावली पडती कुठून?" मित्र गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "ईद का चांद देखते देखते दाढी सफेद हुई मेरी. तू मेरेकू चांद सिखाता?" गिऱ्हाइकं हसली, आणि मामांचं तिथं जाणं थांबलं. चहा घरी होऊ लागला; अर्धा कप तसाच राहायचा.

पुढं एका वद्य अष्टमीला सकाळी आम्ही करमाडच्या मळ्यात मोसंबी उतरवत होतो. मामांनी एक फळ उन्हात उंच धरलं आणि एकदम ओरडले. मला वाटलं, काही चावलं. बघतो तर पश्चिमेला फिकट अर्धा चंद्र, शेजारी मोसंबी. मोसंबी जिकडून नि जेवढी उजळलेली, चंद्रही तिकडूनच नि तेवढाच. "सावली नाय, काय नाय! उजेड कायम अर्ध्या अंगावरच. चंद्र आपल्याभोवती फिरतो, तसं ते अंग कधी समोरून दिसतं, कधी कडेनं. गाडी काढा जावईबापू, चंद्र बुडायच्या आत गुलमंडी गाठायची!"

जालना रोडभर चंद्र काचेपुढं खाली सरकत होता आणि मामा प्रत्येक सिग्नलला शिव्या घालत होते. मित्र नुकताच शटर उचलत होता. मामांनी त्याचा हात धरून त्याला गच्चीवर नेलं, मोसंबी हातात दिली आणि चंद्राकडं बोट केलं. मित्रानं मोसंबी चंद्राशेजारी धरली, खाली घेतली, पुन्हा धरली. मग हळूच म्हणाला, "सच्ची है रे."

मामा जिंकले होते, पण चेहऱ्यावर तसं काही दिसेना.

"इत्ती सी बात के वास्ते आना छोड दिया तू?" मित्रानं विचारलं.

"करमलं मात्र नाय रे," मामा म्हणाले.

चंद्र समोरच्या इमारतीमागं गेला, तरी दोघं तिकडंच तोंड करून उभे राहिले. मी चहा सांगायला खाली उतरलो.