न दिलेलं डाळिंब

आक्कांना अक्षरओळख नव्हती, तरी रोज सकाळी त्या माझा शिळा पेपर दहा-दहा मिनिटं न्याहाळत. तो आदल्या दिवशी त्यांच्या पोपटाच्या पिंजऱ्यात अंथरलेला असे, आणि त्या बघत राघूची शीट. मी नाक मुरडायची. परतूरच्या शाळेत नुकतीच लागले होते, आक्कांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते, आणि शिकल्याची ऐट अंगात होती.

त्यांचं माहेर मेंढपाळांचं. कळप उठवण्याआधी त्यांचे वडील लेंड्या बघत आणि आज कोणतं मेंढरू चालणार नाही ते सांगत. आक्कांनी तीच नजर राघूला लावली होती. हरभऱ्याचे ढाळे खाल्ले की शीट हिरवीगार, बीट किंवा डाळिंब खाल्लं की तांबडी. "रंग खाण्याचा असला तर भ्यायचं न्हाई. खाल्लं न्हाई अन् रंग आला, की मंग भ्यायचं," असं त्या म्हणत. गल्लीतली माणसं आपापल्या पोपटांखालचे कागद घेऊन त्यांच्याकडे येत. आक्का आधी एकच विचारत, काल काय घातलं होतं?

मुलीच्या बाळंतपणासाठी त्या चार दिवस मंठ्याला गेल्या, तेव्हा राघू माझ्यावर सोपवला. भिजवलेली डाळ आणि पेरू, बाकी बिलकुल काही नको, आणि कागद फेकायचे नाहीत, एवढंच बजावून गेल्या. दुसऱ्याच दिवशी मला हुक्की आली. पिंजरा पार गंजला होता, आणि दारांना लावून उरलेला हिरवा ऑईलपेंट कोपऱ्यात पडला होता. आक्का खूश होतील म्हणून मी राघूला टोपलीखाली झाकलं, गज रंगवले आणि ते नीट वाळायच्या आत त्याला परत आत सोडलं. तेव्हापासून तो दिवसभर गज कुरतडत असायचा. चौथ्या दिवशी कागदावर रंगाचे कपचे होते आणि शीट लालसर होती. मी कपचे झटकून टाकले.

संध्याकाळी आक्का आल्या त्या पिशवी हातात तशीच घेऊन पिंजऱ्यापाशी गेल्या. नवा रंग बघून कौतुकानं हसल्या. मग कागद बघितला आणि थबकल्या. त्यांनी नेहमीचं विचारलं.

"डाळिंब," मी म्हणाले. "काल अर्धं डाळिंब दिलं होतं."

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी घातली.

घरात डाळिंब आलंच नव्हतं. मी खोलीत जाऊन वह्या तपासत बसले. जनावरांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहत. मी खरं बोलले असते तर आक्का त्याच पावली तिकडे धावल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

राघू दोन दिवस पिसं फुगवून गप्प बसला. डाळिंब बाधलं असंल, उतरंल, असं आक्का म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला. आक्कांनी तो घडी घातलेला कागद काढून उजेडात धरला.

"डाळिंबाच्या लालीत रगत मिसळलेलं व्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "मला दिसलं न्हाई. माझीच नजर गेली."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला आजही लाज वाटते. मी वेळेवर खरं बोलले असते तरी तो पोपट कदाचित वाचला नसता, पण आक्का तरी स्वतःला दोषी धरून बसल्या नसत्या.

पुढं बदली होईपर्यंत दीड वर्ष मी त्याच घरात राहिले. सांगायला रोज सवड होती. मी सांगितलं नाही. आक्कांनी दुसरा पोपट पाळला नाही. कोणी कागद घेऊन आलं की त्या हातसुद्धा लावत नसत. "मला न्हाई कळत त्यातलं. बाईला इचारा, त्या शिकलेल्या हायेत," असं म्हणून त्या लोकांना माझ्या खोलीकडे पाठवत. आणि मी आक्कांचंच सगळं त्या लोकांना समजावून सांगत असे, कोणत्या खाण्यानं कोणता रंग येतो, कधी भ्यायचं आणि कधी नाही. आक्का दाराशी उभ्या राहून ऐकत आणि मान डोलावत, पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारख्या.