रामकिशनचा तोंडाळ प्रोग्राम

रामकिशन सोनकांबळेचं नाव निघालं की लातूरच्या आमच्या ऑफिसात अजून कुणीतरी विचारतं, "तोच ना, धोंडवाडीवाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण तोंड उघडायची सोय मीच ठेवलेली नाही.

तो कंधारचा. नांदेडला कॉम्प्युटर शिकला आणि सोळा सालच्या दुष्काळात टँकरच्या याद्या करायला कंत्राटावर आमच्याकडे आला. आल्या आल्या म्हणाला, "जयभीम, अक्का." मी उदगीरची लिंगायत, उमाबाई. माझा सख्खा भाऊ मला इतक्या मायेनं अक्का म्हणत नाही. मी "शरणु बाबा" म्हणाले आणि शेजारची खुर्ची त्याला दिली.

गावोगावची पाण्याची मागणी एकेका फाइलीत यायची. सकाळी सहाला रामकिशनची स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम, त्या फाइली वाचून कुठला टँकर कुठं जाणार याची यादी छापायची. ते हुकूम लिहायची त्याची शिस्त बघून आम्ही हसायचो. वर स्वतःचं नाव, तारीख, काय बदललं आणि का. प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत. नाहीतर म्हणे शिरूर अनंतपाळला मशीन दोन गावं समजतं. आणि पहिलाच हुकूम असा, की कुठंही चूक झाली तर जागच्या जागी थांब.

नुसतं थांबून भागायचं नाही. पडद्यावर लाल अक्षरात मराठीत बोंब मारायची: 'थांबलो. अमक्या गावाची फाइल सापडत नाही. ती आधी शोधा, मग पुढं जा.'

"तुझा प्रोग्राम लई तोंडाळ हाय रे," मी चिडवायची.

"असू द्या अक्का. गप बसला तर कुणाचं तरी पाणी जाईल."

एकदा त्यानंच मला दाखवलं होतं. ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि एक छोटा शब्द टाकला, की मशीन चुकीला चूकच म्हणत नाही, तसंच पुढं जातं. दाखवलं आणि लगेच पुसलं. "हे कधीच करायचं न्हाई," म्हणाला. माझ्या मात्र चांगलं लक्षात राहिलं.

त्याच वेळी उदगीर जिल्हा होणार म्हणून पुन्हा आवई उठली होती. पाण्याला लोक तरसून राहिले होते आणि साहेबांना मीटिंगमध्ये दाखवायला नव्या जिल्ह्याची गावं वेगळी करून हवी होती! ती गावं मी नव्या कप्प्यात हलवली. घाईत धोंडवाडीची फाइल भलत्याच ठिकाणी पडली. रामकिशन तेव्हा कंधारला होता, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रिप्ट थांबली. खाली पाऊणशे टँकरचे भोंगे, वर साहेबांची आरडाओरड. मी रामकिशनला फोन लावला.

"अक्का, घाबरू नका. लाल अक्षरात गावाचं नाव आलंय, तेवढी फाइल शोधा. धा मिनिटं लागतील."

दहा मिनिटं! माझं डोकंच फिरलं. गावाचं नाव मी वाचलंसुद्धा नाही. ओळीच्या शेवटी त्या दोन रेघा टाकल्या, तो शब्द टाकला. यादी छापून आली, टँकर सुटले, साहेब खूश झाले. वर माझं नाव, तारीख, काहीच लिहिलं नाही. मीटिंगनंतर काढून टाकू म्हटलं, आणि विसरले.

संध्याकाळी रामकिशननं आपणहून फोन केला. "अक्का, फाइल सापडली? स्क्रिप्टमध्ये काही बदललं न्हाई ना?"

"न्हाई रे. सगळं ठीक हाय. तू आईकडं बघ."

दुसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, मी धोंडवाडीची धुरपताबाई बोलून राहिले. आमचा टँकर आला न्हाई." तसले पन्नास फोन रोज यायचे. "यादी बरोबर हाय, येईल," म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच बाई, पुन्हा माझं तेच उत्तर. त्या दुपारी घागर घेऊन ती गावच्या विहिरीत उतरली, तळाशी उरलेलं वाटी वाटीनं भरायला. पाय घसरला. वर काढली तेव्हा जीव गेला होता.

चौकशी झाली. स्क्रिप्टवर नाव एकट्या रामकिशनचं. साहेबांनी विचारलं, "ही ओळ कुणी घातली?" त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी विधवा बाई, पोरीचं लग्न ठरलेलं. मी मान खाली घातली. "नाव माझं हाय साहेब," तो म्हणाला. त्याच दिवशी त्याला काढलं.

आठ वर्षं मी ते पोटात ठेवलं. यंदा निवृत्त झाले आणि पहिली एसटी धरली ती कंधारची. स्टँडमागं त्याचा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. केस पांढरे झालेत. मी हात जोडले, रडले, सगळं सांगितलं.

"ते मला तवाच कळलं होतं, अक्का," तो म्हणाला. "नोकरीचं सोडा. मी धोंडवाडीला गेलो होतो. धुरपताबाईचा नवरा, व्यंकटी, एकच विचारून राहिला होता. 'फोनवरची बाई दोनदा यादी बरोबर हाय म्हणाली, ती कोण?' मी म्हणलो, मला म्हाईत न्हाई. दरसाली जातो. दरसाली तो तेच विचारतो अन् मी तेच सांगतो. म्हातारा आता लई थकलाय. तुम्ही एकदा जाऊन या."

हो म्हणून आले. त्याला आता तीन आठवडे झाले. लातूरहून धोंडवाडीला सकाळी आठची थेट गाडी आहे. मी अजून गेलेले नाही.