पाणी पिणारी जमीन

दिपिका म्हात्रे पेणच्या खाडीकाठी वाढली. तिचा बाप काळुराम दर हंगामाला मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायचा. चिकण मातीचा गोळा तिच्या हातावर ठेवून म्हणायचा, "ही माती पाणी सोडत नाय, बाय. म्हणून तर आपल्याला मीठ हाय."

पुढे तिने बांधकामाचा डिप्लोमा केला, लग्न होऊन रोह्याला आली आणि घरांच्या सेप्टिक टाक्यांची कामं घेऊ लागली. पाणी सोडणारी माती शोधणं हा तिचा धंदा झाला. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. "बाईमाणसाने संडासाच्या टाक्या बांधायच्या?" ती ठसक्यात सांगायची, "टाकी तुंबली की जास्त हाल कोणाचे होतात? बाईमाणसाचेच ना?"

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात तिला रोह्याजवळच्या वरसे गावाहून विमलताई गुप्त्यांचा फोन आला. निवृत्त शिक्षिका त्या. टाकी जुनी, भिंतीला तडे गेलेले, आणि जोराचा पाऊस आला की न्हाणीघरातून घाण पाणी वर यायचं. गणपतीला लेकीसुना येणार होत्या, त्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं, ही त्यांची काळजी.

"नवी मोठी टाकी बसवून टाक," त्यांचे यजमान महादेवराव म्हणाले.

"बसवू, काका. पण टाकीतलं पाणी शेवटी जमिनीतच जायचंय. आधी जमिनीला विचारू."

"पाऊस थांबल्यावर विचार की!"

"उन्हाळ्यात कुठलीही जमीन पाणी पिते. आत्ता पिते ती खरी."

तिने तीन ठिकाणी खड्डे घेतले, त्यात पाणी भरून माती भिजू दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पट्टीने मोजत बसली. परसात, जुन्या शोषखड्ड्याजवळ, काळी चिकण माती लागली. पाणी जागचं हललं नाही. थोडं खोल खणलं तर उलट खालूनच पाणी वर आलं. बाजूच्या बोळात मात्र ओतलेलं पाणी बघता बघता गडप झालं.

महादेवराव खूश झाले. "हे बघ! इथेच घाल. रस्त्यावरून दिसणारही नाही."

दिपिकाने खड्ड्यात हात घातला. दगड, विटांचे तुकडे, घर बांधताना टाकलेली भर. कुंपणापलीकडे शेजारच्या गोदूबाईंची विहीर होती, हाकेच्या अंतरावर.

"इथे नाय, काका. मातीने पाणी धरून गाळलं पाहिजे. हे न गाळता थेट त्या विहिरीत जाईल."

"अगं, इतकी वर्षं कोण बघायला आलंय?"

"मी आलेय ना," दिपिका शांतपणे म्हणाली. "इथेच पाहिजे असेल तर दुसरं माणूस बघा. मी करणार नाय."

महादेवरावांचा चेहरा उतरला. राहिला तिसरा खड्डा, फाटकाजवळच्या उंचवट्यावर. तिथली तांबूस मुरमाड माती पाणी पीत होती, पण सावकाश, घोटाघोटाने. नेमकी तिथे विमलताईंची बाग होती. सोनचाफा त्यांनी स्वतः वाढवलेला.

विमलताईंनी झाडाखाली पडलेली फुलं ओंजळीत वेचली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "गोदूबाईंच्या घरी आपण चहा पितो. तो त्याच विहिरीच्या पाण्याचा असतो." आणि दिपिकाला, "चाफा काढावा लागेल?"

"लागेल, बाई. मुळं पायपात शिरतात. पण वर अबोली लावा, गवत लावा, ते चालेल."

चाफा निघाला. पावसाने उघडीप दिली तशी उंचवट्यावर नवी टाकी बसली, आणि पुढे पाणी जिरवायला खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर आला, खडी आणि वाळू भरलेला. घरातलं पाणी तिथवर चढवायला छोटा पंप लावावा लागला. महादेवराव कुरकुरत का होईना, रोज काम बघायला खुर्ची टाकून बसत. शेवटी शेवटी तर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच समजावू लागले, की जमीन फार भरभर पाणी प्यायली तरी बरं नव्हे.

गणपतीत घर माणसांनी भरलं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस कोसळला, कुंडलिका नदी दुथडी भरून वाहिली, पण न्हाणीघर कोरडं राहिलं. विमलताईंनी दिपिकाला मुद्दाम बोलावून पानात मोदक वाढले. महादेवरावांनी तुपाची वाटी पुढे केली आणि विचारलं, "नदीपलीकडे अष्टमी गावात माझा भाऊ राहतो, त्याची टाकीही तुंबते. कधी येशील?"

"उद्या सकाळी," दिपिका म्हणाली. "पण सांगून ठेवा, खड्डे मी म्हणेन तिथे खणायचे."